वाऱ्यावर ढकललेला दोष

कळंब, मंगळवार, संध्याकाळ

चौकातल्या नव्या इमारतीवर चिकटवलेली सजावटीची पत्र्याची शीट काल वाऱ्यात सुटली आणि खाली बसलेल्या भाजीवाल्या शांताबाई तिच्याखाली सापडून गेल्या. ठेकेदार मला म्हणतो, "अण्णा, वाऱ्यापुढं कुणाचं चालतंय? उद्या शोकसभेत तेवढंच बोला." कसं बोलू? मी शीट उलटून पाहिली. ती चिकटवायला लावलेल्या सिलिकॉनवर पिठासारखी धूळ. उद्घाटनाचा मुहूर्त गाठायचा म्हणून भिंत पुसलीच नव्हती. सिलिकॉन भिंतीला नाही, धुळीला चिकटलं होतं. उद्या हेच बोलणार, ठेकेदाराच्या तोंडावर.

आधी शांताबाईंच्या नवऱ्याला, महादूला, सांगून आलो. ती धूळ, सगळं. तो म्हणाला, "असंल, अण्णा. पण लई वारं सुटलंय, त्या नव्या भिंतीच्या आडोशाला बस, असं तिला म्याच म्हणलं."