दोन पोरांच्या बदल्यात एक क्लिंगर

एल्कफोर्ड, इंडियाना
नोव्हेंबरचा दुसरा शुक्रवार

प्रिय व्हर्जिलदादा,

तुला आणि डोरिसवहिनींना सप्रेम नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हात तुझी कंबर आता धरत नसेल, अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल, म्हणजे अर्लीन खुशाल. माझी झोप उडाली आहे, छातीत धडधडतं, आणि डॉक्टर म्हणतो तुम्हाला काहीही झालेलं नाही. (त्या डॉक्टरचा मेहुणा लुथरन आहे, एवढं लक्षात घे.)

कारण ऐक. आपल्या मेथडिस्ट चर्चच्या बास्केटबॉल संघाला अकरा वर्षं चषक नाही. तर आता शहाण्यांनी टूम काढली आहे की टॉड आणि कर्टिस ही आपली दोन उगवती पोरं पलीकडच्या लुथरन चर्चच्या संघाला द्यायची आणि बदल्यात त्यांचा ड्वेन क्लिंगर घ्यायचा. क्लिंगर म्हणजे तोच, जो दर सामन्यात तीस गुण करतो आणि मग केसांवरून हात फिरवतो. आपल्या लीगचा नियम तुला ठाऊक आहे: ज्या चर्चकडून खेळायचं, तिथे महिन्यातून दोन रविवार उपासनेला बसलंच पाहिजे. म्हणजे पोरांना नुसता संघ नाही, देवळातला बाकही बदलावा लागणार. टॉडच्या आजीने आधी रडून गाव डोक्यावर घेतलं. मग क्लिंगर जाऊन तिच्या दारातला बर्फ उपसून आला, आणि आता म्हातारी विचारते, टॉडला कधी नेताय?

माझा विरोध निव्वळ तत्त्वाचा आहे. पोरं विशीतली, दोन वर्षांत कुणाला आवरायची नाहीत. क्लिंगर तिशी ओलांडलेला, डावा गुडघा बांधून खेळतो. आज चषक मिळेलही, पण पुढे काय? (पोरं मला चेंडू देत नाहीत हे खरं. टॉड मला "काका, जरा बाजूला व्हा" म्हणतो, तेही खरं. पण भविष्य ते भविष्य!) आणि गुण करणारा माणूस आपल्याकडे नाही असं म्हणतं कोण? सत्तावीस वर्षं डाव्या कोपऱ्यातून चेंडू टाकतंय कोण? गेल्या मोसमात माझे एकंदर नऊच गुण झाले, पण सगळे अगदी मोक्याच्या वेळी. क्लिंगर त्याच कोपऱ्यातून खेळतो. तो आला की माझी जागा गेली, दादा.

खरं सांगू? जळतो मी त्याच्यावर. लिहून टाकलं, बरं वाटलं. मागच्या आठवड्यात त्याने अर्ध्या मैदानावरून चेंडू टाकला, तर आपल्या बाजूला बसलेली अर्लीन टाळ्या पिटत उभी राहिली. मी म्हटलं, "अगं, तो पलीकडचा!" तर म्हणते, "अहो, चेंडू आत गेला की हात आपोआप वाजतात." मग माझ्या वेळी का नाही वाजले? तर म्हणे, "तुमचा आत कुठे गेला?"

मग ठरवलं, याचं बिंग फोडायचंच. हा इतका खेळतो तर उपासनेला कसला जातोय! गेल्या रविवारी टायर दाखवून येतो असं अर्लीनला सांगून मी लुथरनांच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो, मफलर नाकापर्यंत. क्लिंगर कुठल्याच बाकावर दिसेना. आनंदाने माझा ऊर भरून आला. तेवढ्यात गाणारी मंडळी उठली आणि मधोमध हा! एक अख्खं कडवं एकटा गायला. मेल्याचा आवाजही चांगला आहे रे! शेजारची बाई डोळे पुसत होती, मीही पुसले. (धूळ फार होती.) त्या भरात हजेरीची वही फिरत आली, आणि मी आपला सवयीने नाव, पत्ता, फोन नंबर सुवाच्य अक्षरात लिहून पुढे सरकवली.

बुधवारच्या सहभोजनाला ती बातमी माझ्याआधी हजर. पाळकसाहेबांनी सगळ्यांदेखत गोड आवाजात विचारलं, "काय वेंडेल, तिकडे मन रमलं का?" सगळे हसले. क्लिंगरला पाहुणा म्हणून बोलावला होता. तो अर्लीनच्या नूडल्स तिसऱ्यांदा वाढून घेत होता, तोही हसला. माझं डोकंच फिरलं. चमचा आपटून मी ओरडलो, "हा येणार असेल तर मलाही पाठवा लुथरनांकडे!" वाटलं, गहजब होईल, चार जण हात धरून बसवतील. पाळकसाहेबांनी मात्र शांतपणे लिहून घेतलं आणि विचारलं, "अनुमोदन?" टॉडच्या तोंडात घास होता, तरी हात त्याचाच पहिला वर गेला.

असो. वहिनींना म्हणावं तब्येत सांभाळा.

तुझा धाकटा भाऊ,
वेंडेल

ता. क. : पत्र संपवतोय तोच निरोप आला. लुथरन मला घ्यायला तयार आहेत! अनुभवाची कदर शेवटी त्यांनाच. बरोबर फक्त आपल्या चर्चमधली चाळीस कपांची कॉफीची किटली हवी म्हणतात. काकूंच्या स्मरणार्थ तूच ती दिलेली, त्यामुळे तुझ्या सहीशिवाय हलवता येत नाही. सोबतच्या कागदावर सही करून उलट टपाली पाठव.

आणखी एक : पोरं, भविष्य वगैरे वर लिहिलंय ते विसरून जा. क्लिंगर आपल्याकडे आलाच पाहिजे. पंधरा डिसेंबरला दोन्ही चर्चचा सामना आहे, आणि त्याला अडवायला समोर मी उभा राहणार.

भावजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून चार ओळी. किटली लुथरनांनी मागितलेलीच नाही. पोरं चालतील, पण हे नकोत, असं त्यांनी साफ कळवलं होतं. इकडे तर यांना सोडल्याचा ठराव होऊन बसला. म्हणजे सत्तावीस वर्षांनी हे कुठल्याच संघात नाहीत, आणि ते यांना सांगायचं कुणी? म्हणून मीच त्यांच्या पाळकांकडे गेले आणि यांच्यासोबत किटली देऊ केली. सामन्यात यांना पाच मिनिटं तरी उतरवायचं, एवढं कबूल करून घेतलंय. सही लगेच करा, आणि यांना काही कळू देऊ नका. सकाळपासून गॅरेजपुढे थंडीत एकटेच चेंडू टाकतायत. – अर्लीन