अर्धा राहिलेला डाव

३ मे, शुक्रवार
गोमेझ पालासिओला पोचले एकदाची. बसच्या खिडकीतून धूळ एवढी आत आली की अर्धा डुरांगो प्रांत पदरात घेऊन उतरले. मुलगी नोएमी सीमेपलीकडे कामाला गेली, म्हणून तिचं दुकान आता मी आणि नात यादिरा बघणार. पोर एकोणीस वर्षांची, पुढचा दात चिरलेला, तोंड फाटकं. माझ्यावरच गेलीय. दारातच म्हणाली, आजी, तू अजून जिवंत? मी म्हटलं, तुझं लग्न बघितल्याशिवाय मरणार नाही, म्हणजे अमरच झाले म्हण. दोघी पोट धरून हसलो. रात्री बीन्स आणि गव्हाच्या तोर्तिया, तव्यावरून गरम पोळ्या.

दुकान बरं आहे. साबण, सोडा, सुक्या मिरच्या, मेणबत्त्या. कोपऱ्यात कपाटाएवढं मारामारीच्या व्हिडिओ गेमचं यंत्र, दिवसभर बोंबलत असतं. ही वही यादिरानेच दिली. म्हणाली, लिहीत बस, नाहीतर माझं डोकं खाशील. तिसरीत शाळा सुटली माझी. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण चालतात.

७ मे, मंगळवार
पाय सुजलेत. कारखाना सुटला की सगळे रिकामटेकडे इथेच. त्यांचा कायदा आता कळला. ज्याला पुढचा डाव हवा त्याने आपलं नाणं यंत्राच्या काचेच्या कडेला ठेवायचं. हरेल तो उठतो, जिंकेल तो बसून राहतो. या गल्लीत वाळत घातलेल्या चड्ड्या चोरीला जातात, पण काचेवरच्या नाण्याला कुणी बोट लावत नाही.

मी केरसुणी घेऊन यंत्रामागे गेले तर रूफो केवढ्याने ओरडला. हा रूफो तोर्तियाच्या दुकानात कामाला, मिशा मोठ्या, अक्कल बेताची. म्हणाला, दोन्या लाला — दोन्या म्हणजे बाईसाहेब, तेवढा मान देतो मेला — डाव चालू असताना वायरला हात नाही लावायचा, आत माणूस असतो. मी म्हटलं, तू खेळत असशील तर आत कुणी नाही, खुशाल लावते.

११ मे, शनिवार
आज गुप्त गड्यावरून वाद. पडद्यावर गडी निवडायच्या चौकटींत खाली एक चौकट काळी आहे. तिच्यातला गडी प्रत्येकाच्या चुलतभावाने पाहिलाय, स्वतः कुणीच नाही. चुलतभाऊ नेहमी लांबच्या मोंतेर्रे शहरातला. रूफोचं म्हणणं, शेवटच्या लढतीत एकही ठोसा मारायचा नाही, एकही खायचा नाही. नुसतं अडवत राहायचं, घड्याळ संपेपर्यंत. मग ती चौकट उघडते. मी म्हटलं, मार न देता, न खाता वेळ काढायचा, याला आमच्या वेळी संसार म्हणायचे. सगळे खिदळले. यादिरा हसली नाही. काळ्या चौकटीकडे बघत होती.

१६ मे, गुरुवार
तिने केलं. भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, मी आणि रूफो तेवढे दुकानात. काळी चौकट उघडली. आमच्याकडे पाठ करून उभी अशी एक बाई आली, तोंड दिसेना. तिच्या डावाला घड्याळच नव्हतं. यादिरा मारते, ती अडवते. मारते, अडवते. सूप निवलं. मी हाक मारली, खांदा हलवला, पोरीची पापणी लवेना. ओठ सुकून पांढरे. रूफो म्हणाला, थांबा, डाव संपू दे. मला थांबायचा कंटाळा आला होता. यंत्रामागे गेले आणि प्लग उपटला.

रूफोने छातीवर क्रूसाची खूण केली आणि सोड्याची बाटली तशीच टाकून गेला.

१८ मे
यादिरा मला ‘हो, आजी’ म्हणाली.
जन्मात कधी म्हणाली नव्हती. भांडी घास म्हटलं, घासली. झोप म्हटलं, झोपली. डोळे उघडे ठेवून. जेवताना बोटं ताटाच्या कडेवर चालतात, बटणं दाबल्यासारखी. डॉक्टर म्हणाला, ऊन लागलंय. मी म्हटलं, ऊन लागलेली माणसं शिव्या देतात. ही देत नाही.

मला फार दमायला होतंय.

२१ मे
रूफोला मिशा धरून आणला. त्याने यंत्र लावलं. काळ्या चौकटीत आता तोंड आहे. पुढचा दात चिरलेला.

तो म्हणाला, डाव अर्धा तुटला, ती आतच राहिली. कायदा तोच — हरेल तो उठतो. कुणीतरी तिला हरवायला हवं. मग जिंकणाऱ्याचं काय, मी विचारलं. तो मिशी चावत दाराकडे सरकला. मी म्हटलं, तू खेळ. म्हणाला, दोन्या, मला आई आहे.

स्वयंपाकघरात यादिरा भिंतीकडे तोंड करून उभी. अडवल्यासारखे हात वर.

२२ मे
काचेवर नाणं ठेवलं. मला मारता येत नाही. पण अडवून अडवून समोरच्याला दमवायचं कसं, ते माझ्याकडून शिकावं. तिच्या आजोबाला विचारा, कबरीत आहे.

बीन्स चुलीवर ठेवलेत. बसते.

त्याच दिवशी
झालं. डाव्या हाताने लिहितेय, वही मांडीवर. उजवा हात यंत्राच्या दांड्यावरून सुटत नाही —

ती दमली. मग एकदाच बटण दाबलं. पडताना माझ्याकडे बघितलं तिने.

आणि स्वयंपाकघरातून ओरड. म्हातारे, बीन्स करपले, नाक आहे की भोक! — माझी पोर. तिचंच तोंड.

काचेवर आणखी एक नाणं. मी ठेवलं नव्हतं —

ती पाठमोरी बाई पडद्यावर आली. आता तोंड इकडे. घड्याळ नाही —

यादिरा आली. खांदा हलवतेय, शिव्या देतेय, गोड वाटतं ऐकायला. माझं तोंड उघडत नाही. वहीकडे बघ ना, कार्टे, मी लिहितेय —

बघत नाही. यंत्राच्या मागे चाललीय —

यादिरा, वायरला नको — डाव अजून सं