दारासमोरचा कॅमेरा

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय जहांआरा,
सलाम आणि पुष्कळ दुवा. गुडघा कसा आहे तुझा?

आज दुपारी जरा डोळा लागला आणि आपल्या पडवीतलं उखळ ऐकू आलं. आई आणि शेजारच्या प्रभावतीकाकू एकाच उखळात आळीपाळीने मुसळ घालायच्या. धप्, की लगेच धप्. गप्पा मारत कांडायच्या, पण मुसळाला मुसळ कधी लागलं नाही. त्या तालावर मी शाळेच्या कविता पाठ करायचो. जागा झालो तर एसीची घरघर.

इथे सगळे बरे आहेत. माझा लेक अफनान आठवडाभर रुवैसला रिफायनरीत असतो, शुक्रवारी येतो. नातीचा, सुमैय्याचा, अभ्यास चालू आहे. सूनबाई हुमेरा हल्ली कमी बोलते. लॅबच्या शिफ्टचा शीण असेल.

शीण नाही गं. फोनवर सगळे ऐकतात, म्हणून लिहितो आहे.

समोरच्या फ्लॅटमधल्या रुहानने दारावर कॅमेरा लावला आहे, थेट आमच्या दारावर रोखलेला. हुमेरा शिफ्ट संपवून आली की तिचा व्हिडिओ बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. खाली लिहितो, 'मॅडम आल्या बरं का!' आपलाच माणूस, श्रीवर्धनचा. सुमैय्या आता दार उघडण्याआधी ओढणी तोंडावर घेते. मी म्हटलं, "अगं, घाबरतेस कशाला?" तर म्हणाली, "दादा, प्लीज. यू डोन्ट गेट इट."

दोन्ही फ्लॅटचा मालक एकच. त्याचा मॅनेजर म्हणाला, "ये आप पडोसियों का मामला है, हबीबी." हुमेरा वकिलाकडे गेली. तो म्हणाला, परवानगीशिवाय चित्रण केल्याची तक्रार पोलिसांत करा. आणि पॅसेज मालकाचा आहे, भाडेकरूला घरात निवांत राहू देणं त्याचं काम. त्याला लेखी नोटीस द्या, ऐकलं नाही तर भाड्याच्या तंट्यांच्या सेंटरमध्ये केस टाका. कॅमेरा काढायला लावता येईल, नाहीतर दंड न भरता घर सोडायची मागणी करता येईल. हुमेराने नोटीस पाठवली, पोलिसांतही जाणार म्हणाली.

मला ते जिव्हारी लागलं. आपल्या माणसावर पोलीस? मी सांदणांचा डबा घेतला आणि कोणाला न सांगता समोर गेलो. त्याची बायको नबिला चहा ठेवून आत गेली. मी चौथीतल्या कवितेची एक ओळ म्हटली, रुहानने पुढची म्हटली! मला भरून आलं. ज्याला ती कविता पाठ आहे तो माणूस वाईट कसा असेल? उठताना मी हात जोडले आणि आपल्याकडे म्हणतात तसं म्हटलं, "आमचंच काही चुकलं असेल, पोटात घाला."

त्याच्या हॉलमध्येही कॅमेरा होता. तेवढाच माफीचा तुकडा त्याने मालकाला पाठवला. मालकाचं उत्तर आलं: तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी चूक कबूल केली आहे, विषय खलास, पुन्हा तक्रार आली तर करार वाढणार नाही.

हुमेराने फक्त विचारलं, "अब्बा, माझ्या वतीने माफी मागितलीत. मी काय केलं होतं?" तेव्हापासून माझा चहा टेबलावर झाकून ठेवलेला असतो. हाक नाही.

जहांआरा, याहून वाईट आहे ते अजून कोणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी चहा पिताना रुहान म्हणाला होता, "चाचा, तुमच्या सुनेवर नजर ठेवायला तर कॅमेरा लावलाय. तुमचंच काम करतोय मी." आणि मी कपात साखर ढवळत राहिलो. बशीतली बिस्किटं चांगली आहेत, असंही काहीतरी बोललो. ते वाक्य मी घरी सांगितलं असतं तर केस उभी राहिली असती. पण मग ते ऐकून मी काय केलं, तेही सांगावं लागलं असतं.

बेल वाजते आहे. बघून येतो.

नबिला आहे. अनवाणी, हातात फोन. रुहान कामावर गेला आहे म्हणाली. "चाचा, त्या दिवसाचं पूर्ण रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. हुमेराभाभींना दाखवायचंय." मी विचारलं, "पूर्ण?" ती म्हणाली, "तुमचं सगळं आहे त्यात. माफ करा."

तिला आत बसवलं आहे. हुमेरा आतल्या खोलीत आहे. मी तिला हाक मारतो.

अजून थोडा वेळ या घरातला वडीलधारा,
तुझा भाऊ,
गनी