तिन्हीसांजेचं दार

प्रिय विजयमाला,

परवा सकाळी अंघोळ करून पालीच्या खंडोबाच्या तसबिरीला भंडारा वाहिला आणि कुपवाडहून सायकलने सांगलीत गेलो. हळदीचे अडते भाऊसो यांच्या पुढच्या खोलीत, खिडकीत गार हवेचं यंत्र बसवलंय. ते नीट गार करत नाही, अशी त्यांची तक्रार. म्हणाले, "मिस्त्री, दुपारी हिवाळा अन् सांजेला वैशाख. यंत्र हाय का पंचांग?"

जाळी काढली, तर हळदीच्या धुळीने पार बुजलेली. ती धुतली, मागची पाती ब्रशने घासली. दुपारी खोली अशी गार झाली की भाऊसोंनी उपरणं पांघरलं. पण दिवेलागण झाली आणि खोली पुन्हा तापू लागली. वीज कमी पडत असेल म्हणून तपासली, तीही ठीक. मग मागे वळून पाहिलं. रस्त्याकडचं दार सताड उघडं, आणि भाऊसोंच्या आई, रंगुबाई, उंबऱ्याशी निरांजन ठेवून बसलेल्या.

भाऊसो ओरडले, "आई, समदा गारवा रस्त्यावर चाललाय!"

"जाऊ दे. तिन्हीसांजेला दार लावत्यात व्हय रं? लक्ष्मी माघारी जाईल." मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "लक्ष्मी हायच घरात, मिस्त्री. पर आमच्या ह्यांची घरी यायची येळ हीच हुती."

मी भाऊसोंना सांगितलं, यंत्रात दोष नाही. दिवेलागणीला घटकाभर ते बंद ठेवा, दार राहू द्या उघडं.

परतताना सायकल हातात धरून चालतच आलो. उंब्रजला तूही त्या वेळी दार उघडं ठेवून बसतेस. आई होती तेव्हा म्हणायची, "लाव गं, गाड्यांचा धुरळा येतोय." तू ऐकायची नाहीस. मला वाटायचं, हिची लक्ष्मीवर लय श्रद्धा. सणासुदीला मी यायचो तो सकाळच्या गाडीने, त्यामुळे त्या वेळी दारात पोचणं कधी जमलंच नाही. दसऱ्याला तू विचारलंस, "आवं, आता कायमचं कवा येणार?" मी उसाच्या पाण्याचं बोलत बसलो.

त्याचं उत्तर द्यायला हे पत्र. आज नोकरी सोडली. गावात विहिरींच्या मोटारी दुरुस्त करीन, देव उपाशी ठेवणार नाही. हत्यारांची पेटी बांधून झाली आहे. येत्या शनिवारचं तिकीटही काढलं, सकाळच्या गाडीचं नव्हे, दुपारच्या. ती दिवेलागणीला पोचते.

तुझाच,
आकाराम