बाहेरच्या खोलीत नेट पोचेना

५ नोव्हेंबर, मंगळवार

नर्सबाईने जिन्यातच अडवलं. शेजारची. निवृत्त झाली, पण येणाऱ्या-जाणाऱ्याची नाडी बघायची सवय गेली नाही. फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "आजी, ही तुमचीच ना?"

मला काय दिसतंय डोंबल! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तळहाताएवढ्या काचेत एक डाग हलत होता. पण मग आवाज आला — सुई अशी धरा, बोटाला घाबरू नका.

माझीच.

शिवण शिकवते म्हणे. वर्ग घेते आणि त्याचे व्हिडिओ टाकते, कोणीही घरबसल्या बघावेत. नर्सबाई बटण लावायला शिकायला गेली आणि समोर माझी मुलगी निघाली. मी म्हटलं, असेल कोणीतरी. पिशवी उचलली आणि वर आले.

भाजी संध्याकाळपर्यंत पिशवीतच राहिली. सून म्हणाली, आई, बरं नाही का? म्हटलं, गुडघा.

६ नोव्हेंबर, बुधवार

कोणाला सांगायचं नाही, म्हणून इथे लिहिते. चार यत्तांत जेवढं लिहिता येतं तेवढं.

नऊ वर्षांपूर्वी ती एक बॅग घेऊन घरी आली. नवऱ्याला सोडून. मी चार दिवस ठेवलं, पाचव्या दिवशी म्हटलं परत जा. ती गेली. नवऱ्याकडे नाही. तिसऱ्याच गावाला. भावाला फोन करते. तो गॅलरीत जाऊन दार ओढून बोलतो. मी विचारत नाही, तो सांगत नाही. छान चाललंय.

मला तिच्याशी बोलायचं नाही. बोलायला मी तोंड ठेवलं नाही. नुसतं बघायचंय. जाडी झाली की वाळली. एक्केचाळीसची झाली, केस पिकले असतील. माझेही त्याच वयात पिकले.

७ नोव्हेंबर, गुरुवार

मुलाने मागच्या महिन्यात टीव्ही आणलाय, भिंतीएवढा. नर्सबाईला सहज म्हणून विचारलं — फोनवर दिसतं ते टीव्हीवर दिसतं का? म्हणाली, नेट जोडलं की झालं, डोकं केवढं दिसेल! आणि माझ्याकडे बघून हसली. मी नाही हसले.

नेट घरात आहे. मागच्या खोलीत सुनेच्या टेबलावर ते काळं डबडं, हिरवे दिवे मिचकावत बसलेलं. टीव्ही बाहेरच्या खोलीत. दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच. मी दोन लग्नं जुळवलीत. एक टिकलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

सुनेकडे पासवर्ड मागितला. दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसते ती. दिवसभर लोकांना नाव, वय, काय होतंय विचारून तशीच सवय झालीय. "कशाला हवाय? कधीपासून? आणि हे वाटायला लागलं त्याच्या आधी काही झालं होतं का?" थट्टा करते माझी. मी म्हटलं, नातीला कार्टून बघायचंय. नात तीन वर्षांची, तिच्या नावावर काहीही खपतं.

कागदावर लिहून दिला. वर म्हणाली, संध्याकाळी मी बिलं भरत असते तेव्हा लावू नका, नेट रांगतं.

१० नोव्हेंबर, रविवार

मुलगा, सून आणि नात बाहेर गेली. मी रिमोट घेऊन बसले. पडद्यावर सगळ्या इमारतीची नेटं यादीने आली. एकाने आपल्या नेटाचं नाव ठेवलंय 'मागू नका'. तिसऱ्या मजल्यावरचा असणार, तो साखरही देत नाही.

आमचं सापडलं. मग एकेक अक्षर बाणाने शोधायचं आणि मधलं बटण दाबायचं. इंग्रजी अक्षरं मला येतात! हॉटेलवाल्यांच्या टॉवेलांवर बारा वर्षं त्यांची अक्षरं भरली मी. वाचता येत नाहीत, पण ओळखते. कागदावर सुनेने बारीक काढली होती, मी मोठी शोधून शोधून घातली. पाऊण तास. चूक म्हणाला. पुन्हा. चूक. पुन्हा. चूक.

सून आल्यावर म्हणाली, आई, बारीक ते बारीकच घालायचं. मला काय माहीत? टॉवेलावर कोणी बारीक अक्षर भरून घेत नाही.

तिने बसल्या बसल्या दोन मिनिटांत जोडलं. 'जोडले गेले' असं पडद्यावर आलं. नातीने कार्टून लावलं. अर्धा ससा आला आणि नेट गेलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

मुलगा कामावर, सून दवाखान्यात, नात पाळणाघरात. रिमोटात माईक आहे, त्यात बोललं की शोधतं. नर्सबाईने सांगितलं होतं काय म्हणायचं. तीनदा म्हटलं. दोनदा त्याने गाड्या दाखवल्या. तिसऱ्यांदा ओळीने चौकोन आले आणि प्रत्येक चौकोनात ती.

आधी केस विंचरून घेतले. पदर नीट केला. तिच्यासमोर पारोसं बसायचं नव्हतं. मग बटण दाबलं.

आली. भिंतीएवढी. पांढऱ्या भिंतीपुढे बसलेली, गळ्यात टेप. "आज आपण" म्हणाली, आणि थांबली. मधे गोल फिरायला लागलं. तोंड अर्धं उघडं, एक हात वर.

किती वेळ तशीच. मी उठून जवळ गेले. हलत नव्हती म्हणून नीट बघता आली. वाळलीय. कपाळावर दोन आठ्या, माझ्या सासूसारख्या. कानाजवळ केस पांढरे, रंगवत नाही. बरं आहे. उजव्या अंगठ्याला चीर, बोटाला अंगुस्तानाची टोपी न घालता शिवते अजून. शंभरदा सांगितलं असेल.

मग पडदा काळा झाला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आजही तेच. "आज आपण" आणि गोल. आज आपण काय? नऊ वर्षांनी समोर आली आणि दोनच शब्द मिळाले मला.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सून दुपारी लवकर आली. मी पडद्यापाशी उभी, पडद्यावर ती, तोंड उघडं. लपवायला वेळच नव्हता. एवढी मोठी बाई कुठे लपवू?

सून लग्न होऊन आली ती नंतर. नणंदेला प्रत्यक्ष कधी भेटली नाही. पण ओळखलं. मला वाटलं आता केसपेपर काढणार. तिने चपला काढल्या, चहा ठेवला, कप माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "आई, उद्या नेटवाल्याला बोलावते."

मी म्हटलं, नातीच्या कार्टूनसाठी.

"हो," म्हणाली, "तिचंच तर चाललंय सगळं."

१४ नोव्हेंबर, गुरुवार

नेटवाला आला. बोलणं कमी, दाढी जास्त. फोन हातात धरून घरभर फिरला. डब्यापाशी सगळ्या रेघा, मधल्या खोलीत तीन, बाहेर आला की एक. मग तो त्या लोखंडी कपाटापाशी थांबला. बोटाने टकटक केलं. म्हणाला, "हे मधे आहे. लोखंडातून नेट जात नाही. ह्याच्यामागे दार आहे ना? कपाट हलवा, दार उघडं ठेवा. काम झालं."

म्हटलं, कपाट हलणार नाही. म्हणाला, मग टीव्ही हलवा. म्हटलं, टीव्हीही हलणार नाही. तो म्हणाला मग मी हलतो, आणि गेला.

सून माझ्याकडे बघत होती. मी डाळ निवडायला घेतली.

मधली खोली मुलीची. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोन हमाल बोलावले आणि कपाट त्या दारावर लावून घेतलं. उठता-बसता रिकामी खोली बघायची नव्हती. तेव्हापासून मधल्या खोलीत जायचं तर आम्ही स्वयंपाकघरातून वळसा घालून जातो. सून तर समजते घर बांधलंच तसं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

लावलं नाही आज काही. दोनदा रिमोट हातात घेतला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सकाळपासून एकेक कप्पा रिकामा केला. नर्सबाई आली मदतीला, म्हणजे बसायला. दुपारी मुलाला म्हटलं, कपाट हलवायचंय. तो जेवत होता. घास हातातच राहिला.

"कुठलं?"

"घरात किती कपाटं आहेत?"

तो आणि सून दोघांनी ढकललं. फरशीवर चार डाग निघाले पायांचे. दाराची कडी गंजलेली, तेल घालून हातोडीने उघडली. पलीकडे तिची शिलाई मशीन, वर गाद्या रचलेल्या. मुलगा दारातच उभा राहिला. म्हणाला, "आई, ती विचारते तुझं. दरवेळी."

म्हटलं, आता सांगतोस!

"तूच म्हणाली होतीस, तिचं नाव काढायचं नाही घरात."

म्हटलं होतं. माझ्या घरात माझं फार ऐकतात.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज आपण खिसा लावायला शिकणार आहोत.

खिसा! सहा दिवस मी काय काय समजत होते.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

खिसा झाला, गळा झाला, अस्तर झालं. रोज दोन बघते. नेट पाण्यासारखं वाहतंय. सून म्हणाली, आई, विंचरून-बिंचरून बसता, त्यांना तुम्ही दिसत नाही, माहीत आहे ना? मला माहीत नव्हतं. म्हटलं, माहीत आहे.

दिसत नाही तर बरं. मग मोकळं बोलता येतं. अगं कापड ताण. अगं ती बाई मागे झोपलीय, तिला उठव. घसा बसलाय तुझा, दोन दिवस बोलू नकोस. तिचं ती बोलते, माझं मी. पूर्वीही असंच होतं.

एक कान देऊन ऐकते. कुठे 'आई' येतं का. अजून आलेलं नाही. सहा व्हिडिओ झाले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज काज. मी सरसावून बसले. काज माझं! चाळीस वर्षं शिंप्याकडची काजं केली, हाताने, दिवसाला साठ. ती शेजारी बसून बघायची. दप्तर उघडं टाकून.

मशीनची नाही, हाताची काजं दाखवली तिने. टाके अगदी माझे. एकाला एक चिकटून, तांदळाचे दाणे मांडल्यासारखे. पण सुरुवात काठाच्या टोकाकडून केली. आतल्या टोकाकडून करायची. काठाकडे बटणाची ओढ बसते, तिथे गाठ नको. हे मी तिला सांगितलं नव्हतं. सांगायचं राहिलं असणार.

मग वर्गातल्या एका पोरीने विचारलं, मॅडम, तुम्ही हे कुठे शिकलात?

ती सुईत दोरा घालत होती. वर न बघता म्हणाली, "एका बाईंकडे. हात फार चांगला होता त्यांचा."

बाई. होता.

सून इथेच होती. तिने टीव्ही बंद करायला रिमोट उचलला. म्हटलं, राहू दे, काज पुरं होऊ दे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहूनच टाकते. त्या पाचव्या दिवशी दारात ती म्हणाली, मी नवऱ्याकडे गेले नाही तर काय करशील? मी म्हटलं, मग मी मेले असं समज.

पोरीने माझं आयुष्यात एकदा ऐकलं. ते हे.

२४ नोव्हेंबर, रविवार

सुनेला म्हटलं, त्या व्हिडिओखाली लोक लिहितात तसं मलाही लिहायचंय. नाव घालायचं नाही. तिने फोन घेतला, समोर बसली. "सांगा."

पहिल्यांदा सांगितलं, खोड. दुसऱ्यांदा सांगितलं, खोड. सून म्हणाली, आई, दवाखान्यातही लोक आधी भलतंच सांगतात, मग दुखतं ते सांगतात. घ्या वेळ.

मग हे लिहून घेतलं:

"बाई आहेत अजून. काज आतल्या टोकाकडून सुरू करायचं असतं. त्यांनी शिकवलं नाही, ही त्यांची चूक."

सुनेने वाचून दाखवलं. म्हणाली, एवढंच? म्हटलं, एवढंच. तिने मग बटण दाबलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

काही नाही. एका बाईने खाली विचारलंय, कापड कोणतं घ्यावं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

काही नाही. सून दर तासाला दवाखान्यातून फोन करते. म्हटलं, पेशंट बघ. पाच वाजता मीच केला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

सून धापा टाकत जिना चढून आली. फोन माझ्यापुढे धरला, मग मला दिसत नाही ते आठवलं, म्हणून वाचून दाखवलं. "बाईंना सांगा, येऊन करून दाखवा. वर्ग शुक्रवारी चार वाजता."

शुक्रवार परवा. मुलाला म्हटलं, पत्ता दे. त्याने पाकिटातून काढून दिला, घडीवर फाटलेला. मी टीव्ही बंद केला.