पाईक तळ्याचं बर्फ पाहिलं कोणी?

दुलुथ, १ मार्च

तीर्थरूप ऑर्विनकाकांना मारितचा नमस्कार. (व्हर्नाकाकू, पत्र तुम्हीच मोठ्यानं वाचून दाखवताय हे मला ठाऊक आहे. अडचणीची वाक्यं गाळू नका.) तुमचा गुडघा, तळघरातली भट्टी आणि म्हातारी पेग कुत्री यांच्या तब्येती सविस्तर कळवा. पेगची आधी, कारण उरलेले दोघं कुरकुरत का होईना, चालतात.

तीन रविवार झाले, तुम्ही फोनवर येत नाही. काकू सांगतात की तुम्ही मासे धरायला गेलाय, आणि मागून तुमचं खोकणं स्पष्ट ऐकू येतं. म्हणून पत्र. झालं ते पहिल्यापासून सांगते, कारण गावात त्याची भलतीच कहाणी फिरतेय म्हणे.

सुरुवात तुमच्या निळ्या वहीपासून. तीस वर्षांच्या नोंदी, एका बाजूला तळ्याचं बर्फ कधी फुटलं, दुसऱ्या बाजूला पहिला लून पक्षी कधी आला, आणि तीसही वर्षं दोन्ही तारखा एकच! वही हातात आली तेव्हा मला अक्षरशः रडू आलं होतं. (लून म्हणजे बदक नव्हे, हे आता शेवटचं सांगते.) त्यावरून मी सिद्धांत मांडला की दक्षिणेच्या समुद्रावर हिवाळा काढणाऱ्या या पक्ष्याला, इतक्या लांबून, आपल्या तळ्याची खबर आधीच लागते आणि तो अचूक मुहूर्त गाठतो. तुमच्या पुतण्याला दोनदा कच्च्या बर्फावर ट्रक घालून तळ्यात बुडवूनही जे कळलं नाही, ते लूनला कळतं. मग सरकारकडे अनुदानाचा अर्ज केला. ते मिळालं नाही तर जूनमध्ये माझ्या प्रयोगशाळेला कुलूप लागणार, हे तुम्हाला माहीतच आहे. अर्जात एक प्रश्न असतोच, की काय दिसलं तर तुमचं म्हणणं खोटं ठरेल? मी ऐटीत लिहिलं, बर्फ असताना लून एकदा जरी आला, तरी खोटं. ही छाती बघून पहिल्या चाळणीतून अर्ज पार झाला. (तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात ना, ‘म्हणजे माझ्या करातून माझ्याच बदकांची चौकशी!’)

जानेवारीत मला समितीपुढे बसवलं. डॉक्टर ऑब्रेक्ट नावाच्या बाई अध्यक्ष, आवाज अगदी मऊ. सगळे आकडे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘अहो, आमच्या लग्नाच्या तारखेवरसुद्धा माझं नि नवऱ्याचं एकमत नाही. आणि तुमच्या काकांचा पक्षी तीस वर्षांत एका दिवसानंही चुकला नाही? बर्फ पाहिलं कोणी?’ मी हसले. पण विमानतळावर पोचेपर्यंत ते हसू पार मावळलं होतं.

त्याच शनिवारी मी तुमच्याकडे आले. तुम्ही खरोखरच मासे धरायला गेला होतात. काकूंनी ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश पुढे ठेवलं, आणि मी सहज विचारलं, की काका बर्फ बघतात तरी कुठून? काकू म्हणाल्या, ‘बघतोय कशाला! या स्वयंपाकघरातून तळं दिसतंय का कुठे? लून ओरडला की खुर्चीतूनच म्हणतो, गेलं बर्फ! आणि दोन्हीकडे एकच तारीख टाकतो.’ खोदून विचारलं तेव्हा कळलं, पहिली वीस वर्षं आळसानं, आणि पुढची दहा, उठून गेलं तरी दिसत नाही म्हणून.

तुमचा हिशेब चूक नव्हता. लूनला उतरायला मोकळं पाणी लागतं, मग तो ओरडला म्हणजे बर्फ गेलं. पण काका, नदीच्या मुखाशी पाणी आठ-आठ दिवस आधी मोकळं होतं, आणि तो मेला तिथूनही ओरडतो! म्हणजे माझा सिद्धांत खोटा ठरायची सोयच नव्हती. साक्षीदार लून आणि न्यायाधीशही लूनच. जे कशानंच खोटं ठरू शकत नाही ते खरं आहे असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

गप्प बसता आलं असतं. वही बघायला कोण येतंय? पण पैसे लोकांचे, त्यात तुमचेही. मी समितीला कळवलं की बर्फाच्या तारखा पुरावा म्हणून धरू नयेत. एवढंच. ‘वही खोटी’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही, गावात कोणी काही म्हणो. लून कधी आला हे तीस वर्षं एकही दिवस न चुकता लिहिणारा माणूस या भागात दुसरा नाही, आणि ती अर्धी वही सोळा आणे खरी आहे. तुम्हाला लागलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. हे फोनवर सांगणार होते.

ऑब्रेक्टबाईंनी उलट टपाली लिहिलं, की पंधरा मार्चच्या आत सुधारून अर्ज द्या. बर्फ बघणारा एक, लून ऐकणारा दुसरा, आणि दोघांनी एकमेकांना चकार शब्द सांगायचा नाही.

पेगला माझ्यातर्फे बिस्किट द्या, आणि राग निवला की मला हाक मारा.

तुमचीच,
मारित

ता. क. ऐकणाऱ्या म्हणून काकूंचं नाव घातलंय. स्वयंपाकघरातून तळं दिसत नाही, त्याहून चांगली जागा मिळणार नाही. बघणारे म्हणून तुमचं. रोज धक्क्यावर, कानांत कापसाचे बोळे, कोणाशी न बोलता. (तीन रविवार सराव झालेलाच आहे.)

ता. क. २. तुमच्या नावापुढे ‘तीस वर्षांचे अनुभवी’ वगैरे काही नाही, फक्त ‘मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले’ एवढंच लिहिलंय. काकूंनी डॉक्टरांकडून अकरा तारीख घेतली आहे. सहा वर्षं टाळलंत, पण अर्ज पंधराला जाणार आणि सरकारला खोटं कळवता येत नाही. (काकू, हे वाक्य दोनदा वाचा.)

ता. क. ३. ऑब्रेक्टबाईंनी असंही विचारलंय, की एवढ्या उठाठेवीपेक्षा काठावर साठ डॉलरचा कॅमेरा का नाही लावत? प्रश्न रास्त आहे. कॅमेरा मी आणूनही ठेवलाय. पण काका, कॅमेऱ्याचे डोळे आधीच चांगले आहेत.