शेवटची अडतीस मिनिटं

चिरंजीव भावोजी यांस,

वहिनीचे आशीर्वाद. ते मनापासून दिलेले नाहीत. पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिले गेले, आणि आता खोडले तर कागद वाईट दिसेल म्हणून राहू देते. जाऊबाईंना मात्र मनापासून. इकडे सर्व ठीक आहे असं पुढे लिहायचं असतं. इकडे काहीही ठीक नाही. तुमच्या दादांची पाठ धरली आहे, माझं डोकं फिरलं आहे, आणि आमचं एकमेकांशी बोलणं गेल्या रविवारपासून 'जेवण वाढलंय' आणि 'गिझर बंद कर' एवढ्यावर आलं आहे. तुमची तब्येत विचारत नाही. उत्तमच असणार. दुसऱ्याच्या घरात काडी लावून शेकत बसलेल्या माणसाला थंडी कशाने वाजेल?

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोन चार वेळा केला. दोनदा तुम्ही हेल्मेट घातलं होतं म्हणून ऐकू आलं नाही, एकदा रेंज नव्हती, आणि चौथ्यांदा जाऊबाईंनी उचलून तुम्ही अंघोळीला गेल्याचं सांगितलं. (मागे तुमचा खोकला स्पष्ट ऐकू आला. अंघोळ करणारा माणूस दिवाणखान्यात खोकत नाही. त्या बिचारीला तरी खोटं बोलायला लावू नका, तिला जमत नाही.) पत्राला रेंज लागत नाही, तेव्हा आता बसा आणि वाचा.

मुळापासून सांगते. मी आठवड्याचे सहा दिवस सकाळी साडेसहाला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये हजर असते. समोर उपाशीपोटी आलेली, म्हणूनच चिडलेली माणसं. दिवसाला पन्नास-साठ दंडांना रबर बांधायचं, शीर शोधायची, सुई टोचायची आणि 'झालं हं' म्हणायचं. (माझा हात हलका आहे असं सगळे म्हणतात. तुम्ही एकदा तपासणीला या. त्या दिवशी तो हलका असेलच अशी हमी देत नाही.) तुमचे दादा सहा दिवस लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरतात. म्हणजे आमच्या वाट्याला उरतो एक रविवार, आणि लेक शिकायला परगावी गेल्यापासून तो रविवार फार मोठा झाला होता. जाताना तिने टीव्हीवर ते सिनेमांचं ॲप लावून दिलं, आणि आम्ही दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसून सिनेमे बघायला लागलो. नियम एकच. एकाने दुसऱ्याला सोडून पुढे बघायचं नाही. मला तासाभरात झोप लागते, त्यामुळे एक सिनेमा आम्हाला तीन-तीन रविवार पुरतो, आणि मधले दिवस जेवताना त्याच्यावर वाद चालतो. तेवीस वर्षांत गॅस आणि लेकीची शाळा सोडून आम्ही प्रथमच दुसऱ्या कशावर तरी तावातावाने बोलत होतो. मला, भावोजी, फार बरं वाटत होतं.

आणि नेमके तेव्हा तुम्ही उगवलात. स्वतः नवी मोटरसायकल घेतलीत, जुनी विकवेना, म्हणून 'दादा, तू चालव' करून ती आमच्या दारात आणून लावलीत. दादा म्हणाले, आठवडाभर मी वर-खाली करतो, एक दिवस तरी आडवं जाऊ दे. यावर मी हसले. तिथेच माझं चुकलं. पुढच्या रविवारी गुडघ्याला कवच आलं, मग कोपराला, मग पाठीला, मग एक जाकीट आलं जे घालून माणसाला खाली वाकता येत नाही (बुटाचे बंद मी बांधून देते). एवढा पाऊण तास नटून जायचं कुठे, तर एकशेवीस किलोमीटरवरच्या कुठल्याशा टपरीवर ऑम्लेट खायला. तेच ऑम्लेट मी घरी केलं तर मीठ कमी असतं. मग फोटो येतात. तुम्ही, आमचे हे, ते दातांचे डॉक्टर आणि तुमचा तो विमावाला, ज्याला तुम्ही सगळे 'पॉलिसी' म्हणता, असे चौघं गाड्यांपुढे हाताची घडी घालून लांब क्षितिजाकडे बघताय. क्षितिजावर कुणाचं काय पडलं होतं हे मला अजून कळलेलं नाही.

या सगळ्यात आमचा एक सिनेमा अर्धवट राहिला. तुम्हाला तो माहीत आहे, फार चांगला माहीत आहे, पण तरी लिहिते. म्हाताऱ्या घड्याळवाल्याचा खून होतो, आणि घरातल्या चौघांपैकी कुणीतरी केलेला असतो. दादांचं म्हणणं, डॉक्टरने केला. मी छातीठोकपणे सांगत होते की बहिणीने केला. शेवटची अडतीस मिनिटं राहिली होती. ओळीने तीन रविवार हे तुमच्याबरोबर उंडारले, आणि तीन रविवार मी त्या सोफ्यावर एकटी बसले, रिमोट हातात होता, तरी त्या सिनेमाला बोट लावलं नाही. लॅबमधली पोरगी शेवट सांगायला लागली तेव्हा मी दोन्ही कानांत कापूस कोंबला. (कापूस आमच्याकडे मुबलक.) याला म्हणतात शब्द पाळणं.

आता गेल्या रविवारकडे येते. शनिवारची रजा टाकून काढलेली दोन दिवसांची तुमची स्वारी परत निघाली आणि दादांच्या मागच्या चाकात खिळा घुसला. हवा टिकून होती. खिळा होता तिथेच राहू दिला असता तर हळूहळू पुढच्या गावापर्यंत गाडी आली असती, हे मला नंतर आमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याने सांगितलं, आणि सांगताना तो हसत होता. पण तुमच्या मंडळात दातांचे डॉक्टर आहेत. आयुष्यभर रुतलेलं उपटायची सवय. ते गुडघ्यावर बसले, पकड मागितली, आणि खिळा मुळासकट सफाईने उपटून हातावर घेऊन सगळ्यांना दाखवला. तोवर चाक बसलं होतं. पंक्चरचं सामान तुमच्या पिशवीत, आणि रस्ता मोकळा मिळाला म्हणून तुम्ही चाळीस किलोमीटर पुढे! पॉलिसीने रस्त्याच्या कडेला उभं राहून, खिळा आपण होऊन काढलेला असल्यामुळे नुकसानभरपाई कशी मिळणार नाही, हे समजावून दिलं. आणि चौदाव्या मजल्यावर अडकलेल्या माणसांना सुखरूप खाली आणणारे आमचे हे, एका दगडावर बसून राहिले.

हे मला कसं कळलं? यांनी फोन करून रडवेल्या आवाजात सांगितलं. उन्हात बसलोय, मेकॅनिक चार वाजता येणार, पाणीसुद्धा संपलंय. माझा जीव कळवळला. मी आवडीचं सगळं रांधायला घेतलं, पाय शेकायला पाण्याचं घमेलं काढून ठेवलं. आणि कामं उरकून जरा टेकावं म्हणून टीव्ही लावला, तर त्या घड्याळवाल्याच्या चित्राखालची लाल रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. 'पुन्हा बघायचा आहे का?' असं मलाच विचारत होती. मी शोधत शोधत आत गेले तर ॲपमध्ये बघितल्याची आख्खी यादीच निघाली. वार, तारीख, वेळ. रविवार, दुपारी दोन. त्या वेळी तुमचे दादा उन्हात दगडावर बसलेले नव्हते. रस्त्यालगतच्या लॉजमध्ये, थंड हवेत, पलंगावर तंगड्या पसरून तुम्ही चौघं (तोवर तुम्हीही सामान घेऊन माघारी आला होतात) माझा सिनेमा बघत होतात. 'दादा, तुझं ॲप लाव ना' हे कोण म्हणालं ते मला ठाऊक आहे. पॉलिसी फुटला. त्याला फार दाबावं लागत नाही.

मी रेघ मागे नेऊन अडतीस मिनिटांवर ठेवली. हे आले, आंघोळ झाली, जेवण झालं, आणि मी गोड आवाजात म्हटलं, चला, राहिलेलं बघू या. भावोजी, तुमच्या दादांना अभिनय येत नाही. दार उघडायच्या आधीच दचकले. गोळी सुटायच्या आधी कानावर हात गेले. आणि दहाव्या मिनिटाला, महिनाभर डॉक्टर-डॉक्टर करणारा हा माणूस, हनुवटी खाजवत म्हणतो, 'मला आता वाटायला लागलंय, बहीणच असावी गं.' माझी बहीण! माझा तर्क! मी टीव्ही बंद केला, घमेल्यातलं पाणी मोरीत ओतलं आणि आत जाऊन झोपले. तेव्हापासून अबोला.

तुम्ही म्हणाल, एका सिनेमावरून केवढं हे! तर ऐका. तुमच्याकडे तीन मित्र आहेत, रस्ते आहेत, क्षितिज आहे. माझ्याकडे त्या आठवड्यात अडतीस मिनिटं होती, आणि तीही दोघांची होती. ती यांनी तुमच्या शेजारी लोळत संपवली आणि वर मला उन्हाची थाप मारली. मला राग आलाय आणि रडूही आलं, दोन्ही लिहून ठेवते. तुमची मोटरसायकल येऊन घेऊन जा. डॉक्टरांना सांगा, माझी दाढ हलतेय पण त्यांच्याकडे मी मेले तरी येणार नाही.

तुमची (सध्या फक्त नात्याने)
वहिनी

ता. क. मोटरसायकल तूर्त नेऊ नका. आठ दिवस हे कामावरून थेट घरी येतात आणि घरातच असतात. काल स्वयंपाकघरातले डबे वजनाप्रमाणे लावून ठेवले, जड खाली, हलके वर. मला मीठ सापडायला वीस मिनिटं लागली. शनिवारी यांना कुठेतरी न्या. लांब न्या.

ता. क. २. खरं काम राहिलंच. ती बघितल्याची यादी असते ना, तिच्यातली एखादी ओळ पुसता येते का? तुम्हाला असल्या गोष्टी कळतात. यांना न विचारता, लगेच कळवा. त्यांच्या रविवारच्या बरोब्बर खाली आणखी एक ओळ आहे, त्याच्या आधीच्या रविवारची, दुपारी साडेतीनची. तुम्ही चौघं तेव्हा ऑम्लेट खात होतात. घर इतकं गप्प होतं की मला फ्रिजचा आवाज ऐकू येत होता. मी लावला, आणि संपेपर्यंत उठले नाही. मग रेघ मागे नेऊन ठेवली. त्याआधी माझा संशय त्यांच्या बागेतल्या माळीबुवांवर होता. सोमवारी जेवताना सांगितलं, मला बाई बहिणीची शंका येते. कापसाची गोष्ट खरी आहे.

ता. क. ३. हे आत्ता दोनदा येऊन काय लिहितेस म्हणून विचारून गेले. आता बाहेर टीव्ही लावलाय, आवाज बारीक ठेवलाय, आणि सोफ्याच्या आपल्या टोकाला बसून म्हणताहेत, अठ्ठावीस मिनिटं राहिलीत, येतेस का? मला वाटतं त्यांनी ती यादी बघितली आहे. विचारणार नाही. पत्र पाकिटात घालते आणि जाते. आम्ही दोघं तो शेवट आता पहिल्यांदाच बघणार आहोत, तेव्हा मध्ये फोन करू नका.